एफआयओ: मोंढ्यातल्या सर्व्हरसाठी स्वतःचा बेंचमार्क बांधायचं साधन

डिस्कचा वेग आपल्या कामाशी जुळवून मोजायचा असेल, तर एफआयओसारखं दुसरं साधन नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते फुकट आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतं, उबुंटू-डेबियनवर एका ओळीच्या आज्ञेत बसतं आणि विंडोजसाठीही त्याचा तयार इन्स्टॉलर आहे. लिनक्स कर्नलचा ब्लॉक लेयर, म्हणजे डिस्कशी वाचन-लेखन करणारा भाग, सांभाळणारे येन्स अॅक्सबो यांनी ते लिहिलं. एखादा विशिष्ट भार तपासायचा म्हणजे दरवेळी वेगळा प्रोग्राम लिहा, या कटकटीतून सुटण्यासाठी त्याचा जन्म झाला. म्हणून त्यात आधीच ठरवलेली चाचणी नाही. काय मोजायचं ते तुम्हाला सांगावं लागतं. बऱ्याच जणांना हा त्याचा दोष वाटतो. आम्हाला तोच त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

लातूर, नांदेड, परभणी, जालना, कुठल्याही मोंढ्यातल्या अडत दुकानाचा संगणक डोळ्यासमोर आणा. एका डेस्कटॉपला ‘सर्व्हर’ म्हणायचं, त्यात एक एसएसडी, आणि लॅनवर पाच-सहा टर्मिनल. सोयाबीनची आवक वाढली की सगळीकडून एकदम काटापट्ट्या आणि हिशेबपट्ट्या निघतात आणि ‘सेव्ह’वर क्लिक केल्यावर स्क्रीन अडकते. अशा वेळी विक्रेता नवी एनव्हीएमई डिस्क (एसएसडीचाच जास्त वेगवान प्रकार) सुचवतो आणि क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या प्रोग्राममधला ७००० एमबी प्रतिसेकंदाचा आकडा दाखवतो. आकडा खोटा नसतो. पण तो मोठे, सलग तुकडे रांगेत अनेक मागण्या ठेवून वाचल्याचा आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर ४ ते १६ केबीचे तुकडे इकडून-तिकडून मागतं, एका वेळी एक-दोनच, आणि प्रत्येक नोंद डिस्कवर खरोखर पोचली याची खात्री करून मगच पुढे जातं. त्या मोठ्या आकड्यात या कामाचा मागमूसही नाही.

कृत्रिम बेंचमार्क, म्हणजे खऱ्या कामाची नक्कल करणारी वेगचाचणी, बांधायची मूळ रीत जुनी आहे. १९७२ साली ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत व्हेटस्टोन तयार झाला तेव्हा आधी अल्गोल भाषेतल्या खऱ्या प्रोग्रामांमध्ये कोणत्या क्रिया किती वेळा येतात ते मोजलं गेलं आणि मग त्याच प्रमाणात क्रिया करणारा प्रोग्राम रचला गेला. १९८४ मध्ये राइनहोल्ड वायकर यांनी पूर्णांकांच्या कामासाठी ड्राइस्टोन असाच बांधला. पण तो इतका छोटा होता की प्रोसेसरच्या कॅशमध्येच (आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावायचा, आणि ज्या उत्तराचा पुढे उपयोग नाही ते गणित हुशार कंपायलर (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी साधनं) सरळ वगळून टाकायचे. संगणक तोच राहायचा, कंपायलर बदलला की आकडा वाढायचा. २००९ चा कोअरमार्क या चुका टाळूनच रचलेला आहे: इनपुट चालू असताना मिळतं, शेवटी सीआरसी या तपासणी-आकड्याने उत्तर तपासलं जातं आणि किमान १० सेकंद चाललेली चाचणीच ग्राह्य धरतात. आधी मोजायचं, मग नक्कल करायची, मग नक्कल तपासायची, ही तीन कामं डिस्कसाठी एफआयओ नीट करू देतं.

मोजणीची वेळ भर कामाची असावी. सकाळी अकराला दुकान रिकामं असताना घेतलेले आकडे निरुपयोगी. सौदे संपून पट्ट्या निघायला लागतात तेव्हाचा अर्धा तास पकडा. सर्व्हर लिनक्सचा असेल तर आयओस्टॅट ही डिस्कच्या कामाचे आकडे दाखवणारी आज्ञा विस्तारित पर्यायासह दर ५ सेकंदांनी चालवा. त्याचा पहिला अहवाल फेकून द्यायचा, कारण ती संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. विंडोजवर हीच माहिती परफॉर्मन्स मॉनिटर देतो: सेकंदाला किती वाचनं, किती लेखनं, प्रत्येकाचा सरासरी आकार आणि रांगेची लांबी. समजा सेकंदाला ९० वाचनं आणि ६० लेखनं दिसली, वाचन ८ केबीचं, लेखन बहुतेक ४ केबीचं आणि काही १६ केबीचं, रांग एक ते दोन. म्हणजे वाचन-लेखनाचं प्रमाण ६०:४०.

याच वेळी एक रकाना आवर्जून बघायचा. नव्या आयओस्टॅटमध्ये सेकंदाला किती ‘फ्लश’ झाले तेही दिसतं. पार्टिशनच्या (डिस्कच्या एका भागाच्या) ओळीत ते मोजलं जात नाही, म्हणून पूर्ण डिस्कची ओळ बघा. ६० लेखनांमागे १५ फ्लश दिसले तर सॉफ्टवेअर साधारण चार लेखनांमागे एकदा ‘आता हे पक्कं कर’ असं डिस्कला सांगतं. ‘सेव्ह’ अडकण्याचं मूळ बहुधा इथेच सापडतं. वीज गेली तरी आतला डेटा वाचवणारे कपॅसिटर साध्या एसएसडीत नसतात. त्यामुळे फ्लश आला की तिला खरोखर फ्लॅश चिपवर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं, आणि जाहिरातीतला वेग कितीही असला तरी इथे डिस्क मंदावते. सर्व्हरसाठी बनवलेल्या, वीज-संरक्षण असलेल्या एसएसडीचा सलग वेग कधी कधी कमी असतो, पण या कामात ती साध्या एनव्हीएमईला सहज मागे टाकते.

आता जॉब फाइल, म्हणजे कोणती चाचणी कशी चालवायची ते एफआयओला सांगणारी यादी. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये लिहिता येते. वरच्या उदाहरणासाठी ‘आरडब्ल्यू’मध्ये रँडम मिश्र प्रकार, ‘आरडब्ल्यूमिक्सरीड’ ६०. ‘बीएसस्प्लिट’मध्ये स्वल्पविरामाआधी वाचनाची वाटणी (८ केबी, १०० टक्के) आणि नंतर लेखनाची (४ केबी ७० टक्के, १६ केबी ३० टक्के). ‘डायरेक्ट’ १, म्हणजे रॅममधली साठवण टाळून थेट डिस्कशी व्यवहार. रांगेची लांबी ठरवणारं ‘आयओडेप्थ’ १ आणि सहा टर्मिनलांसाठी एकदम चालणाऱ्या जॉबांची संख्या, ‘नमजॉब्स’ ६. ‘एफसिंक’ ४, म्हणजे दर चार लेखनांमागे एक फ्लश. फाइलचा ‘साइझ’ खऱ्या डेटाबेसइतका किंवा थोडा मोठा. ‘रॅम्पटाइम’ ६० सेकंद, म्हणजे सुरुवातीची धावपळ मोजणीत येत नाही. ‘रनटाइम’ १८०० सेकंद आणि सोबत ‘टाइमबेस्ड’. हा शब्द विसरला की दिलेला आकार संपताच चाचणी थांबते आणि अर्ध्या तासाऐवजी काही सेकंदांचाच निकाल हाती येतो. ‘ग्रुपरिपोर्टिंग’ लावलं की सहा जॉबांचा एकत्र अहवाल मिळतो.

इतकं करून सोडलं तर एफआयओ डिस्कला जमेल तितकं पळवतं. कमाल मर्यादा त्यातून कळते, पण दुकानातल्या भाराखाली डिस्क कशी वागते ते कळत नाही. त्यासाठी सेकंदाला किती मागण्या करायच्या याची मर्यादा, ‘रेट-आयओपीएस’, लावा. ही मर्यादा प्रत्येक जॉबला वेगळी लागू होते, म्हणून ९० आणि ६० ला सहाने भागून वाचन १५, लेखन १० लिहायचं. दोन्हींचं प्रमाण ६०:४० शी जुळलं पाहिजे, नाहीतर मिश्रण बिघडतं. ‘रेटप्रोसेस’ला पॉइसाँ द्या, म्हणजे मागण्या कमी-जास्त अंतराने येतात. मूळ सेटिंगमध्ये मागण्या अगदी सारख्या अंतराने येतात, आणि माणसं काही घड्याळाच्या ठोक्यावर एंटर दाबत नाहीत. दोन मागण्या एकदम आल्या की रांग लागते, तीच तर आपल्याला बघायची आहे.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच बेंचमार्क फसतो. एफआयओ चालू असताना शेजारी तोच आयओस्टॅट पुन्हा चालवा आणि खऱ्या कामाच्या आकड्यांशी ताडून बघा. पहिल्या फेरीत लेखनं बहुधा जास्त दिसतील. कारण सरळ आहे: आधी मोजलेल्या ६० लेखनांत फाइल सिस्टिमच्या जर्नलची (ती स्वतःचे बदल आधी टिपून ठेवते त्या नोंदवहीची) लेखनंही होती. आता एफआयओ स्वतः ६० लिहितं आणि प्रत्येक एफसिंकमागे जर्नल आणखी लिहितं. म्हणून लेखनाचा दर थोडा थोडा कमी करत जा, आयओस्टॅटमधले आकडे, फ्लशसकट, जुळेपर्यंत. दर बदलला की मिश्रणाचं प्रमाणही त्याप्रमाणे बदला. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. जुळलेली ही जॉब फाइल म्हणजे तुमच्या दुकानाचा बेंचमार्क. ती जपून ठेवा, पुढची कोणतीही डिस्क तिच्यावरच तपासा.

निकाल वाचताना सरासरीवर थांबू नका. एफआयओ पूर्ततेच्या वेळेचे पर्सेंटाइल (९९ वा म्हणजे १०० पैकी ९९ मागण्या जितक्या वेळात पूर्ण झाल्या तो वेळ) छापतं आणि एफसिंकचे वेगळे देतं. एका पट्टीला २० फ्लश लागत असतील आणि प्रत्येकाला २ मिलिसेकंद लागले, तर ४० मिलिसेकंदांत काम झालं, कुणाला कळलंही नाही. मधूनच फ्लश ५० मिलिसेकंदांवर गेले तर तीच पट्टी सेकंदभर अडकते. सरासरी छान दिसत राहते, काउंटरवरचा माणूस मात्र चिडतो. म्हणून ९९ वा आणि ९९.९ वा पर्सेंटाइल बघून डिस्क निवडा.

चुकीचे निकाल कुठून येतात ते आता सांगितलं पाहिजे, कारण एफआयओ चूक करण्यापासून अडवत नाही.

‘डायरेक्ट’ विसरलं आणि फाइल रॅमपेक्षा लहान असली, तर जुनी हार्ड डिस्कही सेकंदाला काही जीबी वेग दाखवते. ते सगळं रॅममधून येत असतं. इंजिन, म्हणजे डिस्ककडे मागण्या पाठवायची पद्धत, नमूद केलं नाही तर लिनक्सवर साधं सिंक्रोनस (एक मागणी संपल्यावरच दुसरी पाठवणारं) इंजिन चालतं आणि तिथे ‘आयओडेप्थ’ ३२ लिहा की १, काही फरक पडत नाही. रांग मोठी हवी असेल तर ‘लिबएआयओ’ किंवा ‘आयओ-यूरिंग’ घ्या. त्यातही लिबएआयओ ‘डायरेक्ट’शिवाय खऱ्या अर्थाने असिंक्रोनस चालत नाही. फाइलऐवजी थेट कोऱ्या एसएसडीवर वाचन चाचणी घेतली तर जिथे कधी काही लिहिलंच नाही तिथून कंट्रोलर फ्लॅशला हात न लावता शून्यं परत देतो आणि आकडा अवाच्या सवा येतो. आधी पूर्ण डिस्क एकदा लिहून काढा, मग वाचा.

स्वस्त एसएसडीतला एसएलसी कॅश, म्हणजे आलेलं लेखन आधी झेलणारा वेगवान हिस्सा, हा सगळ्यात फसवा भाग. सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने लिहिले जातात, कॅश भरला की वेग कोसळतो. काही क्यूएलसी डिस्का (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या स्वस्त एसएसडी) सेकंदाला १०० एमबीच्या आसपास येतात. डिस्क जितकी भरलेली, तितका हा कॅश लहान. नव्याकोऱ्या रिकाम्या डिस्कवर एक मिनिटाची चाचणी म्हणूनच कामाची नाही. ७०-८० टक्के भरा आणि मग मोजा. बँडविड्थचा लॉग लावून ‘लॉग-अॅव्हरेज’ १००० मिलिसेकंद द्या, म्हणजे दर सेकंदाला एक ओळ मिळते आणि वेग नेमका कुठे कोसळला ते दिसतं. ही वेळ दिली नाही तर प्रत्येक मागणीची ओळ लिहिली जाते आणि लॉगच अवाढव्य होतो.

दराला मर्यादा न घालता लेखन चाचणी वारंवार घेऊ नका. सेकंदाला २०० एमबीने अर्धा तास लिहिलं तर ३६० जीबी झाले, आणि वॉरंटीतली लेखनमर्यादा तितकी खर्ची पडली. मर्यादित दराची आपली दुकानाची चाचणी अर्ध्या तासात जेमतेम एक जीबीच्या आत-बाहेर लिहिते, ती निर्धास्त घ्या.

आणि एक धोका, ज्यात आकडा नाही, डेटा जातो. ‘फाइलनेम’मध्ये फाइलऐवजी पूर्ण डिस्कचं नाव देऊन लेखन चालवलं तर त्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. माउंट केलेल्या (सिस्टिमला जोडून वापरात असलेल्या) डिस्कवर एफआयओ सहसा हे नाकारतं, पण माउंट नसलेल्या बॅकअप डिस्कला ते संरक्षण नाही. मार्चअखेरचे हिशेब असलेल्या यंत्रावर थेट डिस्कची चाचणी कधीच घेऊ नये.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट नोंदवल्याशिवाय निकालाला अर्थ नाही: खोलीचं तापमान. एप्रिल-मे मध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी तीनला फार वेगळी स्थिती नसते. आत येणारी हवा १० अंशांनी तापली की चिपचं तापमानही साधारण तितकंच चढतं. हीटसिंक नसलेली एनव्हीएमई अशा वेळी स्वतःहून वेग कमी करते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ माहिती ठेवते तिच्यात ‘वॉर्निंग टेंपरेचर टाइम’ असा रकाना असतो, इशाऱ्याच्या तापमानावर ती किती मिनिटं राहिली ते त्यात दिसतं. चाचणीपूर्वी आणि नंतर तो टिपून घ्या. आकडा वाढला असेल तर आधी हीटसिंक लावा, डिस्क बदलायची घाई नको. एकच चाचणी सकाळी आणि भर दुपारी, अशी दोनदा घ्या आणि खरेदीचा निर्णय दुपारच्या आकड्यावर करा. चाचणी मेन्सवर घ्या. बॅटरीवर बरेच लॅपटॉप प्रोसेसरची शक्ती आवळतात. विंडोजचा पॉवर प्लॅन, लिनक्सचा गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) आणि अँटिव्हायरस चालू की बंद, हेही निकालाशेजारी लिहा.

प्रोसेसर आणि रॅमसाठी एफआयओ नाही. तिथे लोक सिसबेंच हे चाचणी-साधन वापरतात, आणि त्याच्याबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. त्याची सीपीयू चाचणी मूळ संख्या शोधते, म्हणजे मुख्यतः ६४-बिट भागाकार करते. इंटेलच्या आइस लेक या प्रोसेसर पिढीत हा भागाकार खूप जलद झाला, त्यामुळे गुण उसळले. हिशेबाचं सॉफ्टवेअर त्या प्रमाणात जलद झालं नाही. शिवाय मूळ वेळ १० सेकंदांची, ज्यात फक्त टर्बो, म्हणजे थोडा वेळ टिकणारा वाढीव वेग, मोजला जातो. वेळ १८०० सेकंद करा, थ्रेड (एकदम चालणारी कामं) प्रोसेसरच्या कोअरइतके ठेवा, दर ५ सेकंदांचा अहवाल मागा. मग ही चाचणी एका कामाची आहे: वेग किती मिनिटांनी आणि किती घसरतो ते दिसतं. पाण्याच्या कूलरशेजारी ठेवलेल्या, वर्षभर न उघडलेल्या कॅबिनेटमध्ये घसरण हमखास दिसते. धूळ काढून, थर्मल पेस्ट बदलून पुन्हा तेच चालवा. स्ट्रेस-एनजी हे भार टाकणारं साधनही तापवायला उत्तम, पण त्याचे ‘बोगो ऑप्स’, म्हणजे त्याने मोजलेल्या क्रियांचे आकडे, दोन संगणकांची तुलना करायला घेऊ नका. त्याच्या माहितीपत्रिकेतच तसं बजावलेलं आहे.

सिसबेंचची मेमरी चाचणी मूळ सेटिंगवर १ केबीचे तुकडे घेते, ते कॅशमध्येच फिरतात. रॅमपर्यंत पोचायला तुकडा ६४ एमबी किंवा अधिक करा. त्यापेक्षा स्ट्रीम हा रॅमचा वेग मोजणारा बेंचमार्क चांगला, फक्त त्यातला अॅरे (आकड्यांची यादी) प्रोसेसरच्या शेवटच्या कॅशच्या चौपट तरी हवा. ८ जीबीची एकच पट्टी लावलेलं यंत्र आणि ४ जीबीच्या दोन लावलेलं, यांतला फरक तिथे लख्ख दिसतो. सिसबेंचचा खरा उपयोग मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी: त्याच्या ओएलटीपी (छोट्या-छोट्या व्यवहारांच्या) चाचण्या लुआ भाषेत लिहिलेल्या आहेत, आपल्या कामाप्रमाणे बदलता येतात. मूळ सेटिंगमध्ये एकच टेबल आणि १०,००० ओळी असतात, तेवढ्या रॅममध्येच मावतात. १० टेबलं आणि प्रत्येकी १० लाख ओळी केल्या की डिस्कला हात लागतो.

पुन्हा एफआयओकडे. त्याच्या उणिवा खऱ्या आहेत. चित्रमय खिडकी नाही. लिनक्सवर केडिस्कमार्क हा खिडकीवाला प्रोग्राम आतून एफआयओच वापरतं, पण वर सांगितलेले बहुतेक पर्याय तिथे मिळत नाहीत. माहितीपुस्तिका फक्त इंग्रजीत आणि भलतीच लांब. एखादी चुकीची जोडी दिली, जसं सिंक्रोनस इंजिनसोबत मोठी रांग, तर चाचणी अडत नाही, आकडा देऊन मोकळी होते. विंडोजवर ड्राइव्हच्या अक्षरानंतरच्या अपूर्णविरामाआधी (:) उलटी तिरकी रेघ (\) द्यावी लागते, कारण एफआयओ ते चिन्ह दोन फाइलींमधला विभाजक समजतं. तिथे इंजिन ‘विंडोजएआयओ’ ठेवा. सुरुवातीला थ्रेड वापरावे लागत असल्याची सूचना येते, ती चूक नव्हे. आणि घरी चित्रपट बघायला, शाळेचे प्रकल्प करायला संगणक घेत असाल तर इतक्या खटाटोपाची मुळीच गरज नाही.

ज्यांना मात्र एकदम वीस-तीस यंत्रं घ्यायची आहेत, म्हणजे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, ऑनलाइन परीक्षा केंद्रं, मोठ्या अडत पेढ्या, त्यांनी कोटेशन मागवतानाच जॉब फाइल जोडावी. सोबत चार अटी लिहाव्यात: डिस्क ७५ टक्के भरलेली, कॅबिनेट बंद, चाचणी ३० मिनिटांची, एफसिंकचा ९९ वा पर्सेंटाइल ठरवलेल्या मिलिसेकंदांच्या आत. निकाल जेसन (JSON) या मजकूर-फाइलीच्या स्वरूपात मागावा, म्हणजे वापरलेले पर्याय त्याच फाइलमध्ये नोंदलेले राहतात. माल आल्यावर त्यातली कोणतीही दोन यंत्रं निवडून तीच फाइल दुपारी चालवावी. नमुना म्हणून पाठवलेली एसएसडी एक आणि पेटीतली दुसरी, असं होऊ शकतं. एकाच मॉडेलच्या नावाखाली आतला कंट्रोलर आणि फ्लॅश बदलणं हे या धंद्यात नवीन नाही. दोन निकालांत मोठी तफावत दिसली तर बिल चुकतं करण्याआधी उरलेल्या यंत्रांवरही चाचणी घ्यावी.